कोरडी खाच

माझ्या नवऱ्याचं नाव सुकराम. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कोणाले हसायचं असन तं हसा बापा, मले त्याची लाज कधीच वाटली नाही. सौंदड अन् नवेगाव बांधाच्या मधात, जंगलाच्या कडेले आमचा वीस घरांचा टोला. त्यात सुताराचा वाकस अन् रंधा हातात शोभून दिसे असा माणूस हा एकटाच. त्यानं केलेलं गाडीचं चाक दहा वर्षं करकरत नसे. नांगर, जू, मुसळ, पाळणा, सारं त्याच्या हातचं. आम्ही गोंडाघरचे. त्याचा बाप गावदेवाचा भुमका होता, म्हणजे देवाची पूजा अन् बळी त्याच्याच हातून होत. बाप गेल्यावर तो मान माझ्या भासऱ्याकडं आला. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, मनिराम.

त्रेपन साली आम्ही बाप्तिस्मा घेतला. काऊन घेतला, हे सारे विचारतात, तं सांगूनच टाकते. माझी दोन लेकरं तापानं गेली. दोन्ही वेळा आम्ही बकरा कबूल केला होता, दोन्ही वेळा दिला होता. दुसऱ्याले पुरून आल्यावर सुकराम पायरीवर बसला अन् म्हणे, "दुर्पता, मी आणखी किती देऊ?" त्याच सालात गोंदियाहून केशोराव मास्तर येऊ लागले. डोक्यावर टोपी, बगलेत छत्री, बोलण्यात अर्धं हिंदी. मिशनच्या मंडळीचे ते उपदेशक. ते म्हणाले, "देवाने आता मागणे बंद केले आहे. त्याने स्वतःचा पुत्र दिला. वेदीवर त्याचेच रक्त वाहिले." सुकरामनं ते ऐकलं अन् तीन दिवस रंध्याले हात लावला नाही. चौथ्या दिवशी म्हणे, "मी चाललो यांच्याकडं. तू येतं का?" मी म्हटलं, "तुझ्याशिवाय मी इथं कोणाच्या जिवावर राहू?"

बाप्तिस्मा द्यायले पाद्री आले अन् त्याच सांजेच्या गाडीनं परत गेले. मनिराम भासऱ्यानं त्या दिवसापासून आमच्या अंगणात पाय नाही ठेवला. आमच्या मागं आणखी सहा घरं आली. टोल्याच्या एका टोकाले आम्ही मातीच्या भिंती उभ्या केल्या, वर कवेलू घातले अन् त्याले गिरजा म्हणू लागलो. आत काहीच नव्हतं. गोणपाट टाकून बसायचं, मास्तर महिन्यातून एकदा येऊन शिकवायचे. प्रभुभोजन काय असते हे आमच्यापैकी एकानंही पाहिलं नव्हतं, कारण मास्तरले ते द्यायचा अधिकारच नव्हता.

अन् मग छपन सालच्या दिवाळीले मास्तर बातमी घेऊन आले. नाताळ झाला की बिशपसाहेब सोता येतीन, गिरजाचं समर्पण करतीन, पहिलं प्रभुभोजन देतीन. "फक्त वेदी पाहिजे," मास्तर म्हणाले. सुकराम मागं बसला होता. तिथूनच बोलला, "वेदी मी करतो."

आता ऐका, माझ्या संतापाची गोष्ट इथूनच सुरू होते. आमच्या घराले दार नव्हतं. बांबूची ताटी होती, ती लोटून कुत्रं आत शिरे अन् भाकर पळवे. दारासाठी म्हणून सुकरामनं बिज्याच्या झाडाचं एक खोड दोन पावसाळे बोडीत बुडवून ठेवलं होतं. बोडी म्हणजे आमचं गावतळं. त्यात लाकूड मुरलं की मग त्याले कीड लागत नाही. ते खोड चार माणसांनी बाहेर काढलं तेव्हा मी मनात म्हटलं, आलं बाई माझं दार. अन् हा म्हणते कसा, "वेदी याचीच होईन."

"अन् आपलं दार?" मी विचारलं.

"आपण ताटीत राहून राहिलो ना आजवर? मेलो का?"

"देवाले वेदी अन् दुर्पताले कुत्रं! वा रे वाटणी!"

तो हसला. तसा तो फार कमी हसे. म्हणे, "दुर्पता, देवाले मी आजवर दुसऱ्याचा जीव देत आलो. बकऱ्याचा, कोंबड्याचा. एकदा माझ्या हातचं तं देऊ दे." मी गुमान चूल पेटवली.

दोन महिने तो माणूस दुसऱ्या कोणाचं काम घेईना. गाडीवाले येऊन परत जात. मी कोंडा पाखडत बसे अन् तो अंगणात रंधा मारत बसे. बिज्याचं लाकूड रंध्याखाली पिवळं निघते, अन् ओलं झालं की लालसर पाणी सोडते. वेदी पाच हात लांब, अडीच हात रुंद, कमरेएवढी उंच. वरची फळी एवढी गुळगुळीत की माशी बसली तं घसरावी. अन् त्या फळीच्या चारही कडांनी त्यानं एक खाच काढली. बोटभर रुंद, अर्धं बोट खोल. फळीले डावीकडं जराक उतार दिला अन् त्या कोपऱ्यावर खाचेले खाली तोंड दिलं.

मी पाहिलं अन् मले काही नवल वाटलं नाही. टोल्यातल्या कोणालेच नाही वाटलं. देवाच्या ठाण्यावर जो दगड असते त्याले अशीच खाच असते, रक्ताची वाट म्हणतात तिले. रक्त इकडं तिकडं सांडू नये, कोणाच्या पायाखाली येऊ नये, मातीले मिळावं, म्हणून. सुकरामच्या बापानं तो दगड घडवला होता, पोरांले शिकवलं होतं. मास्तर दर महिन्याले सांगत की वेदीवर रक्त वाहिलं, मग वेदीले वाट नको? देवाचं रक्त का गोणपाटावर सांडू द्यायचं? आम्हाले वाटलं, बिशपसाहेब येतीन, प्याला ओततीन, ते वाहून जाईन. साधा हिशेब होता.

समर्पणाच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी दुपारी, केशोराव मास्तर बैलगाडीनं आले. वेदी गिरजात मांडून ठेवली होती. सातही घरची माणसं दाटीवाटीनं उभी, सुकराम धुतलेला सदरा घालून. मास्तरनं फळीवरून हात फिरवला, "वाह, क्या बात है" म्हणाले. मग त्यांचं बोट खाचेत गेलं.

"हे काय?"

"रक्ताची वाट जी," सुकराम म्हणाला. किती खुशीत म्हणाला!

मास्तरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अरे, वेदी आहे की खाटकाचा ठोकळा? रक्त? इथं कुठून रक्त येणार? तीन वर्षं मी काय शिकवलं तुम्हाला? बिशपसाहेब पाहतील तर म्हणतील, केशोरावने जंगलात बकरे कापणारी मंडळी तयार केली!" मग त्यांनी समजावलं की प्रभुभोजनात भाकर असते, द्राक्षांचा रस असतो, तो ओतत नाहीत, पितात. जे वाहायचं ते एकदाच वाहून गेलं, कधीच. "उद्यापर्यंत ही खाच बुजवा. नाही जमलं तर मी टेबल मागवतो."

सुकराम म्हणाला, "चुकलो जी." अन् त्यानं मान खाली घातली. बाई गं, मी त्या माणसाच्या घरी आले तेव्हापासून त्यानं कोणापुढं मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती. सावकारापुढं नाही, जंगलच्या गार्डापुढं नाही. मले असं वाटलं की मास्तरची छत्री घ्यावी अन् त्याच्याच पाठीत मोडावी.

शनिवारी सकाळी तो पट्ट्या कापायले बसला. खाचेत बसवायच्या अन् सरसानं चिकटवायच्या, एवढंच काम. लहान पोरगंही करन असं. पहिली पट्टी आखूड पडली. दुसरी मोडली. तिसरी जाड झाली. चौथी त्यानं हातात घेतली अन् पाहत बसला. ज्या माणसानं आयुष्यात दोनदा माप घेतलं नाही त्याचा हात चालेना.

मी जवळ जाऊन बसले. "राहू दे. टेबल मांडतीन तं मांडू दे."

"गोष्ट टेबलाची नाही वं," तो म्हणाला. आवाज असा की मी घाबरले. "मले तीन वर्षांत काहीच समजलं नाही. सारे गाणे म्हटले, सारे वचन ऐकले, अन् जेव्हा हातानं करायची वेळ आली तेव्हा मी बापाचाच दगड करून ठेवला. मग मी ख्रिस्ती कायचा? दिखाव्याचा? उद्या वेदी घरी आणतो. अन् मी पण घरीच राहतो. त्या गिरजात मी आता नाही बसत."

"अन् कुठं बसशीन? ठाण्यावर?"

"तिथं पण नाही."

एवढं बोलून तो उठला. मी त्या तुटक्या पट्ट्या चुलीत घातल्या. भावानं सोडलेला माणूस, आता मंडळीही सोडून राहिला, अन् आपल्या मनानं देवही सोडून राहिला. मेलेल्या लेकरांले ज्याच्या भरवशावर मी त्या जगात ठेवलं होतं, तो भरवसाच हा माणूस अंगणात टाकून देऊन राहिला होता. मी रडले नाही. मले राग आला होता, अन् राग आला की मले रडू येत नाही.

इतवार उजाडला. मास्तरनं सौंदडहून टेबल आणवलं होतं, चकचकीत, पाय कोरलेले. ते गिरजात मांडलं, वर पांढरी चादर टाकली. आमची वेदी त्यांनी बाहेर मोहाच्या झाडाखाली काढायले लावली होती. सुकराम तिच्याजवळ उभा, ती घरी न्यायले गाडी जुंपलेली. उचलायले चार माणसं पाहिजेत, अन् सुकरामची बाजू घेतली तं मास्तर रागावतीन म्हणून कोणी पुढं होईना. सारे जमिनीकडं पाहून राहिले होते.

बिशपसाहेबाची जीप पाहायले टोल्यातले सारेच आले होते, बाप्तिस्मा घेतलेले अन् न घेतलेले. त्यात मनिराम भासरे. डोक्यावर फेटा, हातात काठी. तीन वर्षांत पहिल्यांदा ते आमच्यापासून दहा पावलांवर आले. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला अन् झाडामागं झाले. आमच्यात भासऱ्यासमोर सून बोलत नाही. त्याच्या सावलीवर पाय देत नाही.

ते वेदीभोवती एक चक्कर फिरले. वाकून उतार पाहिला. डोळा बारीक करून खाचेची ओळ पाहिली.

"बापानं शिकवली तशीच काढली," ते म्हणाले. सुकरामकडं न पाहता.

"हो."

"तोंड डावीकडं दिलं. बरोबर." मग त्यांनी खाचेत बोट घातलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, अन् बोट डोळ्यांसमोर धरलं. "कोरडी काऊन आहे? पूजा नाही झाली?"

सुकरामनं बैलांकडं तोंड फिरवलं. अन् तेवढ्यात जीप आली, बिशपसाहेब उतरले. उंच, पांढऱ्या झग्यातला म्हातारा माणूस. मास्तर हात जोडून पुढं धावले. पण मले कायचं भान? भासऱ्यानं प्रश्न विचारला होता अन् माझा नवरा गप्प होता. तो गप्प राहिला तं कायमचा गप्प राहीन, हे मले पक्कं ठाऊक होतं. मी मोहाच्या झाडाकडं तोंड केलं अन् झाडाशीच बोलले. मोठ्यानं बोलले.

"अरे मोहा, सांग त्याइले! सांग की ही कोरडी आहे, कारण इथं आता कोणाचं रक्त येणार नाही. बकऱ्याचं नाही, कोंबड्याचं नाही, कोणाच्या लेकराचं नाही! आमच्या देवानं सोताचंच दिलं. एकदा दिलं, पुरलं. आता हे तोंड कधीच ओलं होत नाही. सांग!"

मी बोलले अन् माझं मलेच नवल वाटलं. हे मले ठाऊक आहे, हे मले ठाऊकच नव्हतं.

भासरे झाडाकडं पाहत राहिले, म्हणजे माझ्याकडं. मग भावाले म्हणाले, "म्हणजे तुझा देव बकऱ्याच्या जागी सोता उभा राहिला?"

"हो दादा," सुकराम म्हणाला.

"असं मी कुठं ऐकलं नाही." ते पुन्हा खाचेवर वाकले. त्यांनी आयुष्यभर किती जीव त्या दगडावर ठेवले असतीन, त्याची मोजदाद त्यांच्याच जवळ. "मग हे घरी काऊन नेऊन राहिला?"

"मास्तर म्हणतात, खाच बुजव."

भासरे वळले अन् सरळ मास्तरले म्हणाले, "मी तुमच्यातला नाही अन् होणार नाही. माझा देव माझा आहे. पण काम माझं तेच आहे म्हणून सांगतो. वाट बुजवली तं लोक म्हणतीन, इथं कधी काही झालंच नाही. वाट आहे अन् कोरडी आहे, हे पाहून आमचा माणूस विचारन. चादर टाकलेल्या टेबलाले कोण काय विचारन?"

मास्तरचं तोंड उघडंच राहिलं. "साहेब, ये लोग अभी..." असं काहीतरी ते बिशपसाहेबाले सांगू लागले. बिशपसाहेबानं हात वर केला. ते वेदीजवळ आले, खाली वाकले, अन् त्यांनीही खाचेवरून बोट फिरवलं. हळूहळू, चारही बाजूंनी. मग सुकरामले विचारलं, "ही खाच तुम्ही का केली?"

"चुकून जी. मले वाटलं रक्त येईन."

"येणारच होतं, हे तुम्हाला कळलं होतं. आलं आणि गेलं, एवढंच कळायचं राहिलं होतं. ते या बाईंनी सांगितलं." मग मास्तरकडं वळून, अगदी शांतपणे, "केशोराव, टेबल काढा. मी चाळीस वर्षं वेद्यांपुढं उभा राहतो आहे. वेदी म्हणजे काय हे मला इतक्या सरळ कोणी दाखवलं नव्हतं."

मास्तर वाईट माणूस नव्हते, हे मले सांगितलंच पाहिजे. चेहरा पडला, कानापर्यंत लाल झाले, पण चादर त्यांनी सोता ओढून काढली, टेबल बाहेर आणलं, अन् येऊन वेदीच्या एका कोपऱ्याले हात लावला. दुसऱ्याले सुकराम. तिसऱ्याले जीपचा ड्रायव्हर. चौथ्याले कोणी हात लावायच्या आधी मनिराम भासऱ्यानं काठी बाजूले टेकवली अन् कोपरा धरला. दोन भाऊ एक लाकूड उचलून चालून राहिले होते.

गिरजाच्या उंबरठ्याशी भासरे थांबले. "माझं इथपर्यंत," ते म्हणाले. अन् कोपरा खाली टेकवेनात, तसाच धरून उभे राहिले, कोणीतरी घेईन म्हणून. माणसं एकमेकांकडं पाहू लागली. मी पाहिलं नाही. मी पुढं झाले, पदर कमरेले खोचला, भासऱ्याच्या हाताजवळ हात घातला अन् तो कोपरा उचलला. जड होता. माझ्या दाराचंच लाकूड ते, त्याचं वजन मले ठाऊक नसन तं कोणाले? बाईमाणसानं वेदी उचललेली त्या दिवशी टोल्यानं पहिल्यांदा पाहिली. पाहू दे! माझी छाती अशी भरून आली होती की मी आणखी एक वेदी उचलली असती.

वेदी जागेवर बसली. बिशपसाहेबानं प्रार्थना केली, तेल लावलं, गाणं झालं. मग ते म्हणाले, "पहिलं अर्पण ज्याने वेदी केली त्याचं." लोकांनी आपापलं आणलंच होतं, कोणी नवे तांदूळ, कोणी भोपळा, कोणी नवेगावच्या तळ्यातल्या सुक्या मासोळ्या. आम्ही काहीच आणलं नव्हतं. आम्ही तं घरी जायले निघालो होतो.

सुकराम पुढं गेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, माझ्याजवळ काय होतं? मग त्यानं आपले दोन्ही हात त्या फळीवर ठेवले. वाकसानं चिरलेले, नखं काळी झालेले, सरस लागलेले हात.

"साहेब, बकरा नाही आणला," तो म्हणाला. आवाज एवढा मोकळा की दारात उभ्या भावालेही ऐकू जावा. "त्याले आता नको. मीच आलो."

अन् हात त्यानं उचलले नाहीत. मास्तर घाबरून त्याले खुणा करू लागले, बाजूले हो, बाजूले हो. बिशपसाहेब भाकर घेऊन उभे होते. त्यांनी एकदा त्या हातांकडं पाहिलं, सुकरामले काही म्हटलं नाही, अन् भाकर त्याच्या दोन हातांच्या मधात ठेवली.